गाळात गेलेलं सिलिंडर

१

फौजदार विश्वंभर ढोबळेनं पोत्यात गुंडाळून आणलेलं पाणबुड्याचं सिलिंडर प्रयोगशाळेच्या ओट्यावर आडवं ठेवलं आणि शेजारी एक टाइप केलेला कागद ठेवला.

“मॅडम, फक्त सही पाहिजे. सिलिंडर रिकामं आहे, एवढंच.”

अनुश्री चारठाणकर हिंगोलीच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत. विश्वंभर त्यांचा जुना विद्यार्थी, प्रयोग न करताच निरीक्षणं लिहिणाऱ्यांपैकी. त्यांनी सिलिंडरची चावी फिरवली. काहीच आवाज आला नाही.

“रिकामं आहे,” त्या म्हणाल्या.

“मग करा सही.”

त्यांनी कागद वाचला. ‘मृत योगेश याने न भरलेले सिलिंडर निष्काळजीपणे निवडल्यामुळे पाण्याखाली हवा संपून मृत्यू झाला, असे तांत्रिक तपासणीवरून दिसते.’

“विश्वंभर, हे आज रिकामं आहे, एवढं मी सांगू शकते. ते कधी रिकामं झालं, हे तुला कुणी सांगितलं?”

“म्हणजे काय मॅडम, पाण्यातच झालं असणार ना.”

“असणार,” त्या म्हणाल्या आणि कागद उलटा करून ठेवला.

योगेश साखरा गावचा. घरी कोरडवाहू शेती. पण पोरगा अंदमानला गेला आणि तिथल्या उपसागरात सहा वर्षं पर्यटकांना प्रवाळ आणि बुडालेली जहाजं दाखवत राहिला. दाभाधरा तलावावर ‘नीलसागर’ नावाचं जलपर्यटन केंद्र निघालं तेव्हा तो आईजवळ राहता येईल म्हणून परत आला. ठेकेदारानं तलावात एक जुनी लोखंडी लाँच मुद्दाम बुडवली होती, तिच्याभोवती सिमेंटची प्रवाळं रोवली होती. समुद्राचा अनुभव हिंगोलीत, अशी पाटी वारंगा फाट्यापासून दिसायची. गुरुवारी सकाळी त्या लाँचेवरची मार्गदर्शक दोरी तपासायला योगेश खाली गेला आणि मेलेला वर आला.

“साखऱ्यात पारावर मीच सांगून आलो,” विश्वंभर म्हणाला. “पोराची स्वतःची चूक होती म्हणून. लोक म्हणून राहिले, पिलेला असंल.”

“पिलेला होता?”

“तसं काही निघालं नाही. पण मॅडम, हा कागद झाला नाही तर त्या पोरीवर गुन्हा येतो. प्रतिक्षा. सिलिंडर तिनं हातात दिलं होतं. मॅनेजरसाहेब म्हणतात, एक तर तो चुकला, नाहीतर ती.”

अनुश्रीबाईंनी अंगातला पांढरा कोट काढून खिळ्याला लावला.

“दोनच नावं सांगितली त्यांनी? तिसरं कुणाचंच नाही?”

२

केंद्राच्या कार्यालयात भिंतभर निळा समुद्र होता. लाल पंखांचे मासे, जाळीदार प्रवाळ, एका बुडालेल्या जहाजाच्या खिडकीतून बाहेर येणारा माशांचा थवा. खिडकीबाहेरचा तलाव मात्र ताकासारखा गढूळ होता.

मॅनेजर नचिकेत यांत्रिकी शाखेचा पदवीधर. मालक पुण्यात असत, इथलं सगळं हाच पाहायचा. त्यानं स्वतः खुर्ची पुढे केली.

“मॅडम, योगेश मला भावासारखा होता. पण खरं बोललं पाहिजे. अंदमानला होतो अंदमानला होतो, हे त्याच्या डोक्यात गेलं होतं. सिलिंडर तपासायचं सोडून सरळ उतरला.”

“ते रिकामं होतं, हे तुम्ही कधी पाहिलं?”

“बाहेर काढल्या काढल्या. दाबाचा काटा शून्यावर. मी स्वतः जोडून पाहिला.”

“बाहेर कुणी काढलं?”

नचिकेतचा चेहरा आंबट झाला. “काढायला सरळ काढलं असतं तर. थावरा म्हणून नावाडी आहे आमचा. त्यानं हातातून सोडलं. गेलं तळाला. एवढ्या किमतीची वस्तू, गाळात घुसलेली. तासभर शोधायला लावलं त्याला. चावीत गाळ गेला असता म्हणजे? दोरीही त्याच्याच हातात होती. पाणबुड्यानं दोरीला झटके दिले की वर ओढायचं, एवढं सोपं काम. मला विचाराल तर त्याला डुलकी लागली असणार.”

“म्हणजे आता तीन नावं झाली,” अनुश्रीबाई विश्वंभरला हळूच म्हणाल्या. मग नचिकेतला विचारलं, “सिलिंडर भरता कुठे?”

“इथंच. आपला कॉम्प्रेसर आहे, रोज चालतो. हवेत काही दोष नाही मॅडम, शुद्ध हवा असते.”

“बाकीची सिलिंडरं दाखवाल?”

“ती तपासणीला पाठवली. काल सकाळीच. सुरक्षितता आधी.”

तो इतक्या चटकन बोलला की विश्वंभरनंही वर पाहिलं.

३

प्रतिक्षा हट्टा गावची. पोहण्यात जिल्ह्यात पहिली आली म्हणून तिला इथं घेतलं होतं. पाण्याखालचं सगळं योगेशनं शिकवलं. ती धक्क्याच्या पायरीवर बसली होती आणि तिच्या मांडीवर तसाच एक टाइप केलेला कागद होता.

“सर म्हणले, यावर सही कर. की योगेशदादानं मला न विचारता सिलिंडर उचललं.”

“उचललं होतं?”

“न्हाई. मीच दिलं. काटा बघून दिलं.”

“किती होता काटा?”

“एकशेचाळीस. एरवी दोनशे राहतो. मी दादाला म्हणलं, आज कमी भरलंय. तो म्हणला, दोरी बघायला किती लागतंय, दहा मिनिटांत येतो. तू तोवर चहा सांग.” तिनं ओठ आवळले. “मी खरंच चहा सांगून राहिले होते.”

“मग वर आणल्यावर काय केलं ते सांग. जसंच्या तसं.”

“थावराकाकाची नाव अरुंद आहे. सामानासकट माणूस आत घेता येत न्हाई, नाव कलंडते. म्हणून रोजचीच पद्धत आहे, काठाजवळ छातीएवढ्या पाण्यात आणायचं, सिलिंडरची चावी बंद करायची, नळीतली उरलेली हवा सोडायची, नळी काढायची, पट्टा सैल करायचा आणि सिलिंडर काकाच्या हातात द्यायचं. त्या दिवशी बी हातानं तेच केलं. डोकं चालतच नव्हतं.”

“उरलेली हवा सोडलीस, तेव्हा आवाज आला?”

“आला ना. फुस्स करून. जोरात.” मग तिच्या लक्षात आलं. “रिकामं असतं तर कसा आला असता?”

विश्वंभर खाकरला. “हे तू म्हणतीस. तुझ्यावरच आळ आहे, तुझं कोण ऐकणार?”

“म्हणूनच मी कुणाला सांगितलं न्हाई, साहेब. तुमी तेच म्हणणार, हे म्हाईत होतं.”

तिनं मोबाइल काढला. त्यात योगेशनं अंदमानात घेतलेलं चित्रण होतं. हिरव्या-निळ्या उजेडात एक जहाज कुशीवर पडलं होतं, त्याच्या कठड्यावर प्रवाळ वाढलं होतं, आणि योगेशचा हात पर्यटकासमोर काटा धरून बोटांनी विचारत होता, किती उरली. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. त्या हाताला जहाजापेक्षा काट्याचीच काळजी जास्त होती.

“पन्नासच्या खाली काटा गेला की तो ओरडायचा,” प्रतिक्षा म्हणाली. “पन्नास उरले की वर यायचंच. रिकामं सिलिंडर घेऊन कुणी वर आलेलं मी कधी बघितलंच न्हाई.”

अनुश्रीबाईंनी ते वाक्य तिला पुन्हा म्हणायला लावलं.

“कुणीच नाही?”

“या तलावात तरी न्हाई.”

४

थावरा नावेतलं पाणी डब्यानं उपसत होता. फौजदाराला पाहून त्यानं डबा ठेवला.

“डुलकीचं विचारायला आलात ना?” तो म्हणाला. “विचारा. सगळा तांडा विचारून राहिला. माझी बायको बी विचारती.”

“मी दोरीचं विचारते,” अनुश्रीबाई म्हणाल्या. “ती तुमच्या हातात कशी होती?”

“अशी.” त्यानं तळहाताला दोन वेढे घेतले. “गढूळ पाण्यात दिसत काहीच न्हाई, म्हणून दोरी म्हंजी त्याचं बोलणं. एक झटका, बराबर आहे. तीन झटके, वर घे. तो तळाला टेकला, एक झटका आला. मग दोरी गप झाली.”

“किती वेळानं?”

“लगेच म्हणा ना. मी म्हणलं, गाठ मारून राहिला असंल. मी एक झटका दिला. जवाब न्हाई. अजून दिला. मग पोरीला हाक मारली आन् दोघांनी ओढलं. कंबरेला बुडायसाठी बांधत्यात तो शिशाचा पट्टा तसाच व्हता.”

“तो पट्टा सोडता येतो?”

“एका हातानं. टकुरं फिरलं, दम कोंडला, की आधी पट्टा सोडायचा अन् वर यायचं. त्यानंच सगळ्यांना शिकवलं.” थावरानं पाण्याकडे पाहिलं. “त्यानं न्हाई सोडला. झटका बी न्हाई दिला. दम कोंडलेला माणूस असा गप राहतो का, बाई?”

अनुश्रीबाईंनी दोरीचा वेढा हातात घेऊन पाहिला. त्यांनी विचारलं, “सिलिंडर हातातून सुटलं?”

“सुटलं. पोरीनं हातात दिलं, मी योगेशकडं बघून राहिलो व्हतो. निसटलं ते गेलं खाली. मॅनेजरसाहेबांनी लय बोल लावले. लेकराला गाडीत घालून न्यायचं सोडून मी पायानं गाळ चाचपडून राहिलो. काठावर बायका धुणं धूत व्हत्या, त्यांनी बी बघितलं. सापडलं तवा ढोपराएवढ्या गाळात आडवं व्हतं.”

“मग कुठे ठेवलं?”

“साहेबांनी स्वतः उचलून नेलं. सामानाच्या खोलीत. फौजदारसाहेब दुपारी आले तवर तितंच व्हतं. खोलीची किल्ली साहेबांकडं.”

“तुमचा तो कॉम्प्रेसर,” अनुश्रीबाई म्हणाल्या, “फार आवाज करतो का हो?”

थावरा हसला. “करत व्हता. पाखरं उठून जायची. आता लय दिसांपासून गप आहे. पाखरं परत आली ना.”

विश्वंभरनं वही बंद केली. “मॅडम, मॅनेजर म्हणाले रोज चालतो.”

“हो,” त्या म्हणाल्या. “आणि अजून एक गोष्ट म्हणाले ते. तीच मला तपासायची आहे. तुझं ते रिकामं सिलिंडर गाडीत आहे ना? आण इकडे.”

५

धक्क्याच्या पायऱ्यांवर सगळे जमले. धुणं धुणाऱ्या दोन बायका, प्रतिक्षा, थावरा. नचिकेतही कार्यालयातून बाहेर आला आणि हात मागे बांधून उभा राहिला.

“उचलून बघ,” अनुश्रीबाई विश्वंभरला म्हणाल्या.

“जड आहे. पंधरा-एक किलो असंल.”

“पाण्यात टाकलं तर?”

“बुडणारच. लोखंड आहे.”

“ॲल्युमिनियम आहे. टाक.”

विश्वंभरनं ते पाण्यात सोडलं. सिलिंडर हेलकावलं, खाली गेलं, आणि त्याच्या हाताजवळच परत वर आलं. चावीकडचं तोंड पाण्यात आणि बूड वर, असं ते तरंगत राहिलं. विश्वंभरनं पायानं दाबलं. पुन्हा वर आलं.

धुणं धुणारी एक बाई म्हणाली, “आगं माय. त्या दिवशी तर भुर्रकन खाली गेलं व्हतं.”

“त्या दिवशी ते भरलेलं होतं,” अनुश्रीबाई म्हणाल्या. “हे जेवढी जागा घेतं तेवढ्या पाण्याचं वजन याच्यापेक्षा थोडं जास्त भरतं. म्हणून रिकामं तरंगतं. भरलेलं असलं की आतल्या वायूचंच वजन दोन-अडीच किलो होतं, आणि मग ते बुडतं. आपल्याला वायू हलका वाटतो. दाबून भरला की नसतो.”

त्या नचिकेतकडे वळल्या. आवाज वर्गात असायचा तेवढाच होता, पण विश्वंभर आपोआप सरळ उभा राहिला.

“तुम्ही मला दोन गोष्टी सांगितल्यात. बाहेर काढताच काटा शून्यावर होता. आणि ते गाळात बुडालं. या दोन्ही एकाच सिलिंडरच्या असू शकत नाहीत. दुसरी गोष्ट या बायकांनी पाहिली आहे. पहिली फक्त तुम्ही.”

“मला काय माहीत तरंगतं ते,” नचिकेत म्हणाला. मग त्याला उमगलं आपण काय बोललो ते. “म्हणजे, कुणीच कधी बघितलं नाही.”

“बरोबर. कारण योगेश ते कधी रिकामं होऊच देत नव्हता.”

प्रतिक्षानं मांडीवरचा कागद चार तुकडे करून पायरीवर ठेवला. विश्वंभरनं तिला अडवलं नाही.

“पण मॅडम,” तो हळूच म्हणाला, “भरलेलं होतं तर मग तो मेला कशानं?”

“त्यानंच. जे भरलेलं होतं त्यानं. माणूस पाण्याखाली श्वास घेत राहिला, त्याला दम कोंडल्यासारखं वाटलं नाही, म्हणून झटका दिला नाही, पट्टा सोडला नाही. आणि काटा एकशेचाळीस होता. विश्वंभर, कॉम्प्रेसर बंद असताना, दीडशेच्या आसपास दाबानं भरलेला वायू या भागात कुठं मिळतो?”

विश्वंभरनं डोकं खाजवलं. “वेल्डिंगवाल्यांकडं. टायरवाल्यांकडं. अन् हळदीच्या पॅकिंगला लागतो तो.”

नचिकेत कार्यालयाकडे चालू लागला होता. विश्वंभरनं गाडीजवळ उभ्या असलेल्या हवालदाराला नुसती मान हलवून खूण केली.

६

वारंगा फाट्यावर बाबूसिंगचं गॅसचं दुकान ट्रकवाल्यांच्या ढाब्याला लागून होतं. उंच काळी सिलिंडरं साखळीनं बांधून ओळीनं उभी होती. बाबूसिंगनं फौजदारासाठी खुर्ची पुसली आणि बाईंसाठी पुन्हा पुसली.

“आओ मॅडम. कोणता गॅस पायजे?”

“दाभाधऱ्याच्या केंद्राला दिला तोच.”

“केंद्राला?” त्याला कळेना. “आपण केंद्राला काही देत नाही. तो चष्मेवाला साहेब आला होता, नचिकेत. चार छोटे सिलिंडर घेऊन. म्हणला, हळदीच्या पॅकिंगच्या मशीनला नायट्रोजन पायजे. पाकिटात मारतात ना, हळद खराब होत न्हाई, म्हणून.”

“त्या छोट्या सिलिंडरांना तुमचं तोंड बसलं?”

“न्हाई बसत. त्यानंच लेथवर जोड बनवून आणला होता. इथंच पडलाय.” त्यानं खणातून पितळी जोड काढून टेबलावर ठेवला. “मी त्याला पूछा बी, ऐसा सिलिंडर पहिली बार देख रहा हूँ, साहेब. तो म्हणला, नवीन मशीन आहे, परदेशी.”

“आधी आत जी हवा होती, तिचं काय केलं?”

“पूरी सोडून दिली. मिलावट नको म्हणला, एकदम शुद्ध पायजे.” बाबूसिंगनं दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. “क्या हुआ? काही गडबड झाली का?”

विश्वंभरनं त्याला सांगितलं. बाबूसिंग हळूच मागे टेकला. 

“मेरे को सच बताया होता,” तो म्हणाला, “तर मी त्याला दुकानातून हाकलून दिला असता. इथं चहा देणाऱ्या बाईला बी म्हाईत आहे, त्या गोडाऊनचं दार लावून आत बसायचं नसतं.”

७

पोलीस ठाण्यात नचिकेतनं काही नाकारलं नाही. कदाचित त्याला वाटलं असावं की समोर शिकलेली बाई आहे, समजून घेईल. तो त्यांच्याशीच बोलत होता, विश्वंभरशी नाही.

“कॉम्प्रेसरचा भाग यायला वेळ लागणार होता. रविवारी मोठे पाहुणे येणार होते, मालक रोज फोन करत होते. मॅडम, पंपावर गाडीच्या चाकात नायट्रोजन हवा भरतात. जास्त चांगली म्हणून जास्त पैसे घेतात. मी पण भरतो. आणि हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजनच असतो, हे तर शाळेत शिकलोय. मला वाटलं, हवाच ती. अधिक शुद्ध.”

“उरलेल्यावर आपण जगतो,” अनुश्रीबाई म्हणाल्या.

“ते लक्षात आलं नाही.”

“मग बाबूसिंगला हळदीचं कशाला सांगितलं?”

“तो कागद मागत बसला असता. परवाना, अमुक तमुक.”

“तो परवाना मागणार होता, कारण कुणीतरी आधी कधीतरी असाच मेला असेल,” त्या म्हणाल्या. “ठीक आहे. अज्ञान समजा. प्रतिक्षानं काटा पाहिला, योगेशनं काटा पाहिला. आत काय आहे ते काटा सांगत नाही, आणि वास येत नाही, रंग नाही. त्यांच्यापैकी कुणालाही कळायचा मार्ग नव्हता. एकट्या तुम्हाला माहीत होतं. आता मला एवढंच सांगा. तो मेल्यावर, सामानाच्या खोलीत जाऊन सिलिंडरची चावी कधी फिरवलीत?”

नचिकेतनं चष्मा काढून पुसायला घेतला.

“मोबाइलवर शोधून पाहिलं असेल आधी. नायट्रोजन श्वासात गेला तर काय होतं. सापडलं असेल. मग दार लावलंत आणि चावी उघडलीत. त्या वेळी त्याची आई साखऱ्याहून निघाली होती. थावराला गाळात उतरवलंत, त्याच्यावर झोपेचा आळ घातलात. त्या मुलीसमोर कागद ठेवलात. आणि इतर तीन सिलिंडरंही मोकळी केलीत, तपासणीला पाठवली म्हणालात.”

“तो परत येणार नव्हता,” नचिकेत म्हणाला. “मेलेल्याचं नाव लागलं तर कुणाचं काय जाणार होतं? जिवंत माणसाचं आयुष्य वाचलं असतं.”

“कुणाचं?”

त्यानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

अनुश्रीबाईंनी पर्स उचलली. “पहिल्या चुकीला मी मूर्खपणा म्हणाले असते,” त्या म्हणाल्या. “पहिली चूक करताना तुम्हाला काही येत नव्हतं. दुसरी करताना सगळं येत होतं.”

बाहेर आल्यावर विश्वंभरनं सहीसाठी आणलेला आपला टाइप केलेला कागद त्यांच्याकडे परत मागितला. त्यांनी दिला नाही. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी आपला अभिप्राय लिहिला, सही केली आणि मग तो त्याच्या हातात ठेवला.

“दोन्ही बाजू जोड फायलीला,” त्या म्हणाल्या. “आपण काय लिहून द्यायला निघालो होतो, तेही कुणी वाचावं.”

८

साखऱ्यात योगेशच्या घराच्या ओसरीवर त्याची आई मंजुळाबाई बसल्या होत्या. शेजारच्या बायका उठून आत गेल्या. प्रतिक्षा त्यांच्या पायाशी बसली आणि तिनं त्यांचा हात धरला.

विश्वंभरनं घडलं ते सगळं सांगितलं. वायूचं, चावीचं, मॅनेजरला ताब्यात घेतल्याचं. तो थांबल्यावर मंजुळाबाई अनुश्रीबाईंकडे वळल्या.

“बाई, त्याला तकलीफ झाली व्हती का?”

“नाही,” अनुश्रीबाई म्हणाल्या. “या वायूत जीव घुसमटत नाही. श्वास चालू राहतो, माणसाला वाटतं सगळं ठीक आहे, आणि शुद्ध जाते. त्याला काहीच कळलं नसेल.”

“कळलं असतं तर वर आला असता.”

“हो. आला असता. त्याला येत होतं.”

“म्हंजी त्याचं काहीच चुकलं न्हाई.”

“काहीच नाही.”

मंजुळाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. “मग हे मला काहून सांगून राहिले? मला म्हाईतच व्हतं. पोरगं दुसऱ्याचा दोर बी दोनदा ओढून बघायचं. तुमी पारावर जाऊन सांगा. जितं चूक म्हणलात तितं.”

विश्वंभर अवघडला. “मावशी, तपास चालू आहे. आता कोर्टात काय ते ठरंल. मला असं जाहीर बोलता येत नाही.”

“त्या दिशी कोर्ट व्हतं का?” मंजुळाबाईंनी विचारलं. “तवा तर बिगर कोर्टाचं बोललात. माझा लेक अजून दवाखान्यातून घरी यायचा व्हता.”

विश्वंभरनं अनुश्रीबाईंकडे पाहिलं. त्यांनी त्याला काहीच मदत केली नाही.

पार गावाच्या मधोमध होता. दुपार कलली होती आणि माणसं नेहमीसारखी टेकून बसली होती. विश्वंभर त्यांच्यासमोर उभा राहिला, त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. मंजुळाबाई, प्रतिक्षा आणि अनुश्रीबाई रस्त्याच्या पलीकडे उभ्या राहिल्या.

“गुरुवारी मी इथं जे सांगितलं ते चूक होतं,” तो म्हणाला. “योगेशची काही चूक नव्हती. तो पिलेलाही नव्हता. त्याच्या सिलिंडरमध्ये हवेच्या जागी दुसराच वायू भरला होता, आणि ते लपवलं गेलं. मी न तपासता बोललो.”

कट्ट्यावर मागच्या बाजूला बसलेल्या एकानं विडी पायाखाली विझवली आणि खाली पाहत राहिला. पिलेला असंल, असं पहिल्यांदा कोण म्हणालं होतं ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

विश्वंभर परत फिरायला लागला.

“साहेब,” मंजुळाबाई रस्त्यापलीकडून म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “मागं ऐकू गेलं न्हाई. पुन्यांदा सांगा.”

तो थांबला. मागे वळून कट्ट्याच्या अगदी जवळ गेला आणि पहिल्यापासून, योगेशचं पूर्ण नाव घेऊन, पुन्हा सांगू लागला.